जुन्या तीनचाकीचे पुढचे फोर्क बदलले, त्यानंतरचे काही महिने

माझी तीनचाकी म्हणजे रिक्षा नव्हे, तर चिखल-वाळूत चालवायची, हँडलची, फुगीर टायरांची गाडी. नवीन ऑइल सील (आतलं तेल अडवणारी रबरी कडी) टाकूनही तेल पाझरतच राहिलं, तेव्हा पुढचे फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरून धक्के झेलणारे दोन पाय, पूर्ण उघडले. दोष सीलचा नव्हताच. धूळ-सीलच्या (बाहेरची धूळ अडवणाऱ्या रबराच्या) वरच्या पट्ट्यात फोर्कच्या आतल्या नळ्यांचं क्रोम गंजून खडबडीत झालं होतं, बोट फिरवलं की नख अडकायचं. अशा नळीवर कितीही महाग सील चढवा, ते कापलंच जाणार. शिवाय खालचा पाय (नळी ज्यात सरकते तो भाग) हातात धरून पुढेमागे हलवला की स्पष्ट खेळ, म्हणजे ढिलेपणा, जाणवायचा.

त्या खेळाचं कारण गाडीच्या रचनेतच आहे. मोटरसायकल वळणावर झुकते, त्यामुळे जोर बराचसा फोर्कच्या रेषेतच उतरतो. तीनचाकी तशी झुकत नाही. रुंद, कमी हवेचा टायर आडवा ढकलला जातो आणि तो सगळा भार बुश (नळी आणि पाय यांच्यामधल्या सरकत्या कड्या) झेलतात. होंडाच्या १९७० च्या यूएस९० या तीनचाकीला सस्पेन्शनच नव्हतं, धक्के फुगीर टायरच घ्यायचे. पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन आलं ते १९८१ च्या एटीसी २५०आर मध्ये. अमेरिकेत १९८८ मध्ये सुरक्षेच्या प्रश्नावरून नव्या तीनचाकींची विक्री थांबली. त्यामुळे आज ज्या नळ्या हाताशी आहेत त्या जमेल तितक्या जपलेल्या बऱ्या.

मी नळ्या, बुश आणि सील एकदमच बदलले. जुन्या नळ्यांवर पुन्हा क्रोम चढवता आलं असतं, पण त्याआधी त्या सरळ आहेत का ते तपासायला हवं, आणि माझी एक नळी वाकलेली निघाली. वाकड्या नळीवर खर्च करणं मला पटत नाही.

आता मुख्य तक्रार. नव्या सेटबरोबर रबरी गेटर (नळीवर चढणारी घडीदार आवरणं) आलेच नाहीत! विक्रेत्याचं म्हणणं, धूळ-सील पुरेसं आहे. चिखलात चालणाऱ्या गाडीला ते अजिबात पुरत नाही. समोरच्या टायरने उडवलेली वाळू थेट सीलच्या ओठावर बसते. गेटर वेगळे मागवले आणि सुरुवातीला तर मी त्यांच्याशिवाय गाडी बाहेर काढूच नका असं सगळ्यांना सांगत होतो.

काही महिन्यांनी मत थोडं बदललं. गेटरला खालच्या बाजूला भोकं नसतील तर आत शिरलेलं पाणी तिथेच साचतं आणि नवं क्रोमही डागाळायला लागतं. म्हणून आता चिखलातून आलो की क्लिप सैल करतो, गेटर वर सरकवतो, नळी पुसतो. कंटाळवाणं आहे, पण पुन्हा नळ्या घेण्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

चालवताना फरक मोठा आहे. खडकाळ उतारावर हँडल हातात थरथरत नाही, वळताना चाक टाकलं तिथेच पडतं. पहिले काही दिवस फोर्क आखडल्यासारखे वाटले. नवे बुश रुळल्यावर ते गेलं.

बसवणाऱ्यांनी तीन गोष्टी सोडू नयेत. तेलाची पातळी स्प्रिंग बाहेर काढून, फोर्क पूर्ण दाबून मोजा आणि दोन्ही पायांत ती अगदी सारखी ठेवा. एक्सल शेवटी, गाडी पुढून काही वेळा दाबून झाल्यावरच पक्का करा, नाहीतर पाय एकमेकांना ओढत राहतात आणि नवे बुशही एकाच बाजूने झिजतात. आणि तळाच्या ॲलन बोल्टचा तांब्याचा वॉशर नवाच टाका. तेवढ्या चकतीसाठी काटकसर केली की सगळा फोर्क पुन्हा उतरवावा लागतो.