पितळी दांडीनं काढलेलं ७२ टक्के ब्लॉकेज

बाबांच्या हृदयतपासणीच्या खोट्या शिबिरात एकूण ३८,५०० रुपये गेले. नोंदणीचे १००, 'हार्ट स्कॅनिंग'चे २,४०० आणि नसा साफ करणाऱ्या औषधाच्या १२ बाटल्यांचे ३६,०००. पाच क्विंटल कापूस खेडा खरेदीत सात हजारानं दिला होता, ते ३५,००० आणि वर घरातले साडेतीन. जिल्हा यवतमाळ. गावाचं नाव सांगत नाही, लोक आधीच हसतात.

मी अडाणी नाही. ओटीपी मागणाऱ्याला शिव्या घालून फोन ठेवतो. पण माझे मोठे काका पऱ्हाटीत कापूस वेचता वेचता छाती धरून बसले आणि तालुक्याला नेईस्तोवर संपले. असं ज्याच्या घरात झालंय, त्याच्या कानावर ऑटोच्या भोंग्यातून "हृदयाची तपासणी शंभर रुपयात" पडलं तर तो शंका काढत बसत नाही. शिबिर समाजमंदिरात, फीत कापायला सरपंच. आणखी काय पाहायचं होतं मी?

टेबलावर लॅपटॉप, त्याला वायरनं जोडलेली डबी, डबीला पितळी दांडी. ती मुठीत धरली की सीटी अँजिओ, म्हणजे हृदयाच्या नसांचा स्कॅन, होतो म्हणे! टेबलावरच्या मुलीनं आधी बाबांचं वय, उंची, वजन टाकून घेतलं. पडद्यावर लाल हृदय फिरू लागलं, आकडे पळू लागले. अर्ध्यातच बाबांनी दांडी मांडीवर ठेवली आणि तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पन्नी काढून घोटायला घेतली.

आकडे पळतच होते.

मी हे डोळ्यांनी पाहिलं. दांडी धोतरावर पडलेली आणि बाबांचं हृदय तिकडे मोजलं जातंय. आणि मी खेकसलो कोणावर? बाबांवर. "खर्रा ठेवा न बाजूले, मशीन चुकते!" पैसे एक वेळ फिटतील, हे वाक्य फिटत नाही.

रिपोर्ट निघाला : ब्लॉकेज ७२ टक्के. पांढऱ्या कोटातला म्हणाला, "भाऊ, नागपूरले गेले तं बायपासच सांगतीन. आपलं औषध तीन महिन्यात नसा धुऊन काढते." शेजारच्या काकूंचेही ७२च निघाले होते, हे आठ दिवसांनी कळलं. अरे, रांगेतच एकमेकांचे कागद पाहत जा!

महिन्याभरानं बाबांना दम लागला तेव्हा नागपूर गाठलं. खरं स्कॅन तिथं पाहिलं. मोठ्या कड्यासारख्या मशीनमध्ये झोपवतात, छातीला ईसीजीच्या पट्ट्या लावतात, कारण धडधडत्या हृदयाचा फोटो ठोका साधूनच काढावा लागतो. आधी कॅल्शियम स्कोअर, म्हणजे हृदयाच्या नसांत साचलेलं कॅल्शियम मोजणं, त्याला इंजेक्शन लागत नाही. तो टक्क्यात नसतोच. १९९० पासून वापरात असलेला ॲगॅटस्टन स्कोअर तो : शून्य म्हणजे कॅल्शियम दिसलं नाही, शंभरच्या आत थोडं, ४०० च्या वर भरपूर. बाबांचा ४६. पण त्यात फक्त कडक झालेला थर मोजला जातो, मऊ चरबीचा सुटून जातो. म्हणून किडनीसाठी रक्तातलं क्रिएटिनिन तपासून, ठोके कमी करायची गोळी देऊन, नसा दिसाव्यात म्हणून शिरेतून डाय सोडून सीटी अँजिओ केला. एका नसेत साधारण ३० टक्के अडथळा. गोळ्या सुरू, खर्रा बंद. स्टेंटचं नावही निघालं नाही. टू-डी इकोवरून (हृदयाच्या सोनोग्राफीवरून) कोणी ब्लॉकेजचे टक्के सांगत असेल तर तिथूनही उठा, त्यात पंपिंग आणि झडपा दिसतात.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात म्हणाले, "पैसे राजीखुशीनं दिले न? पक्की पावती आहे काय?" माझ्याकडे वहीच्या पानावरची चिठ्ठी. हे आरोग्य खात्याचं काम, तिकडं जा. आरोग्यवाले म्हणाले, त्यानं स्वतःला डॉक्टर म्हटल्याचं लेखी आणा. लेखी! ठग लिहून देतो काय? साहेब दौऱ्यावर, साहेब मीटिंगला, साहेब रजेवर. चार चकरा, एसटीचे आणि चहापाण्याचे ७४० रुपये वेगळेच. अर्जावर आवक क्रमांकसुद्धा भांडून घ्यावा लागला. सरपंच म्हणतात, मी फक्त फीत कापली.

जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, दोन वर्षांच्या आत जावं लागतं. मी जाणार आहे. चिठ्ठी, रिकाम्या बाटल्या काही फेकू नका. पैसे रोख देऊ नका.

काल संध्याकाळी शेजारच्या गावच्या रस्त्यावर ऑटो दिसला. तोच भोंगा, तोच आवाज. शिबिर रविवारी, दहा वाजता, शाळेच्या पटांगणात.