आठ महिने फॉरेक्स कार्ड वापरल्यावर: पैसे कुठे वाचले, कुठे गेले

यंदा जानेवारीत कापसाची शेवटची वेचणी आटोपून मी आणि सौ. बँकॉकला निघालो, तेव्हा जावईबापूंच्या आग्रहावरून यवतमाळच्या एका बँकेतून फॉरेक्स कार्ड, म्हणजे परदेशी चलन आधीच भरून न्यायचे कार्ड, घेतले. त्यात थायलंडचे बाट भरले, मे महिन्यात पेरणीच्या आधी तेच कार्ड मलेशियाला नेले आणि उरलेली शिल्लक ऑगस्टमध्ये मोडली. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावात या बाबतीत विचारावे असे कोणी नव्हते, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

या कार्डाचा खरा गुण असा की ज्या दिवशी पैसे भरतो, त्या दिवशीचा दर पक्का होतो. साधे डेबिट कार्ड परदेशात चालवले, तर बऱ्याच बँका रकमेवर 2 ते 3.5 टक्के जादा आकारतात आणि त्या आकारणीवर 18 टक्के जीएसटी लावतात. बाट भरलेल्या कार्डाने बाटमध्येच बिल चुकवले, तर हा भुर्दंड पडत नाही. आमची जेवणाखाण्याची बिले अशीच गेली आणि हिशेब तंतोतंत जुळला.

पैसे गेले ते बहुतेक माझ्याच चुकीने. खिशात फार रोकड नको, या समजुतीने मी तीन दिवस रोज दोन हजार बाट एटीएममधून काढले. तिथल्या मशीनने दर खेपेला 220 बाट कापले, म्हणजे 6,000 बाटांपायी 660 बाट, शेकडा 11. कार्ड देणाऱ्या बँकेचे शुल्क त्याहून वेगळे. आकारणी रकमेवर नसून खेपेवर आहे, हे पडद्यावर लिहिलेले होते, पण मी ते वाचलेच नव्हते. चौथ्या दिवशी एकदम 10,000 काढून मोकळा झालो.

दुसरी चूक हॉटेलच्या काउंटरवर झाली. 4,200 बाटांचे बिल होते आणि मशीनवर दोन ओळी आल्या, वर रुपये, खाली बाट. रुपयांचा आकडा ओळखीचा वाटला म्हणून मी वरच्या ओळीवर बोट ठेवले. खोलीत येऊन हिशेब केला, तेव्हा तो दर बाटामागे सुमारे 15 पैशांनी चढा निघाला, म्हणजे 630 रुपये तिथेच गेले. शिवाय कार्डात बाट असल्यामुळे ते रुपये पुन्हा बाटमध्ये बदलले गेले आणि त्या बदलाचे शुल्क निराळे लागले. कास्तकाराला हा प्रकार नवा नसावा. खेडा खरेदीचा व्यापारीही दारात येऊन गोड बोलतो, भाव चढा सांगतो आणि काट्यात काढून घेतो. त्यानंतर प्रत्येक दुकानात सौ. मशीन पुढे येण्याआधीच "बाट, बाट" म्हणत असे.

त्याच हॉटेलने अनामत म्हणून 2,000 बाट कार्डावर अडकवून ठेवले, ते आम्ही घरी परतल्यावर बाराव्या दिवशी सुटले. मोजके पैसे भरून नेणाऱ्याने अनामत रोख द्यावी.

मलेशियाच्या वेळी उरलेले बाट तसेच चालवण्याचा मोह झाला. कार्ड चालते, पण रिंगिटच्या, म्हणजे तिथल्या चलनातल्या, प्रत्येक बिलावर चलनबदलाचे शुल्क लागते. दोन दिवसांनी ॲपमधून रिंगिट वेगळे भरले. एक अडचण मात्र शेवटपर्यंत राहिली: ऑनलाइन तिकीट काढताना ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो आणि आमच्या सिमला रोमिंग नव्हते, त्यामुळे बसची तिकिटे स्थानकावर जाऊन काढावी लागली.

जोडीला डेबिट कार्ड ठेवायचे असेल, तर त्याचा परदेशातील वापर निघण्यापूर्वीच सुरू करून घ्यावा. 2020 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नवी कार्डे सुरुवातीला फक्त देशातच चालतात.

शिल्लक मोडताना बँकेने खरेदीचा, म्हणजे ती स्वतः परदेशी चलन विकत घेते तो, दर लावला, जो आम्ही भरलेल्या दरापेक्षा कमी होता. म्हणून पाचपैकी साडेतीन गुण देतो. पुढच्या खेपेला कार्ड हेच राहील, पण पैसे थोडेथोडे, लागतील तसे भरीन.