नॉर्मंडीच्या स्मृतिदिनासाठी घेतलेली सहल-नियोजन सेवा

दुसऱ्या महायुद्धात ६ जून १९४४ रोजी मित्रराष्ट्रांनी फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर केलेल्या चढाईच्या स्मृतिदिनाला गाडीने जायचे म्हणून आम्ही दोघांनी एका प्रवास कंपनीकडून सहलीचा आराखडा करून घेतला. बायो या गावी मुक्काम ठेवण्याची त्यांची सूचना योग्य ठरली, कारण अमेरिकी सैन्य उतरले तो ओमाहा किनारा आणि ९,००० हून अधिक कबरींची अमेरिकी दफनभूमी तेथून जवळच आहे. आरोमाँश या किनाऱ्यावरील गावाची भेट ओहोटीच्या वेळी ठेवल्यामुळे चढाईनंतर मित्रराष्ट्रांनी उभारलेल्या कृत्रिम बंदराच्या शेवाळलेल्या काँक्रीटच्या अवशेषांपर्यंत वाळूतून चालत जाता आले. पत्नी तर तेथून हलायलाच तयार नव्हती. मात्र समारंभाच्या दिवशी किनाऱ्यालगतच्या काही रस्त्यांवर वाहनांना बंदी असते, याचा आराखड्यात उल्लेखही नव्हता आणि पोलिसांनी आम्हाला सकाळीच माघारी वळवले. पुढच्या वेळी दफनभूमीची भेट आम्ही आदल्या दिवशीच ठेवू.