त्या दिवशी पौर्णिमा नव्हतीच: बँकॉकमध्ये गेलेले १,५७,०२८ रुपये

आकडा आधीच सांगते, म्हणजे पुढे लपवावासा वाटायला नको. एक लाख सत्तावन्न हजार अठ्ठावीस रुपये. तारीख १८ फेब्रुवारी २०२५, मंगळवार. बँकॉकमधल्या एका खड्यांच्या दुकानात, माझ्याच कार्डावरून, मीच पिन दाबून. "पिन तुम्हीच दाबला ना?" हे मला बँकेपासून पोलिसांपर्यंत प्रत्येकाने ऐकवलंय. हो, मीच दाबला.

आम्ही अमळनेरचे. मी ३१ वर्षं शाळेत गणित शिकवलं. यांची नोकरीही संपलेली. दोघांचा हा पहिलाच परदेश प्रवास. तिकिटं आणि हॉटेल पुण्याच्या भाच्याने काढून दिलं, कार्डावर परदेशातले व्यवहारही त्यानेच चालू करून दिले आणि मर्यादा ठेवली दोन लाखांची. कशाला लागते दोन लाखांची मर्यादा? हॉटेलचे पैसे आधीच भरलेले होते. तुम्ही जाणार असाल तर वीस-पंचवीस हजारांच्या वर ठेवू नका. एवढं एक केलं असतं तरी पुढचं काही लिहायची वेळ आली नसती.

बँकॉकचा राजवाडा, ग्रँड पॅलेस, हे आमच्या सहलीतलं मुख्य ठिकाण होतं. मेट्रोचं सनाम चाय स्टेशन वाड्याच्या दक्षिणेला आहे आणि पर्यटकांचं दार उत्तरेच्या रस्त्यावर. मधे पांढऱ्या भिंतीच्या कडेने किलोमीटरभर चालावं लागतं. ऊन आम्हाला नवीन नाही, आम्ही खान्देशातली माणसं, वैशाखात पंचेचाळीस अंश अंगावर काढतो. पण तिथला दमटपणा वेगळा. अंगाला कपडे चिकटलेले, यांचा गुडघा दुखायला लागलेला, दार कुठे दिसत नाही. नेमक्या त्याच भिंतीशी तो माणूस उभा होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हात जोडून "नमस्ते, इंडिया?"

म्हणाला, आज मोठा बौद्ध सण आहे, पौर्णिमा आहे, सकाळी फक्त थाई लोकांना आत सोडतात, परदेशी लोकांना दुपारी एक वाजल्यानंतर.

पौर्णिमा.

मला याच शब्दावर थांबायला हवं होतं. दोनच दिवस आधी, १६ तारखेला, मी संकष्टी केली होती. विमानातून उतरून दिवसभर उपास, रात्री उशिरापर्यंत पाचव्या मजल्याच्या खिडकीत चंद्राची वाट बघत बसले, समोरच्या इमारतीच्या मागून तो वर आला तेव्हा घरून नेलेल्या दशम्यांवर उपास सोडला. माघी पौर्णिमा १२ तारखेला होऊन गेली होती, थाई लोकांचा माखा बुचा हा सणही त्याच दिवशी झाला होता. १८ ला वद्य षष्ठी. परवा गजानन महाराजांचा प्रकट दिन आहे, आपण परदेशात आहोत, पारायण चुकेल, असं मी त्याच सकाळी चहा पिताना यांना म्हणाले होते! आणि तासाभराने एक परका माणूस मला पौर्णिमा आहे सांगतो आणि मी मान हलवते. रात्री झोप लागत नाही ती पैशांमुळे कमी आणि या गोष्टीमुळे जास्त. तिथी मला पाठ होती. विचारलं असतं की कसली पौर्णिमा, तर तो तिथल्या तिथे निघून गेला असता.

ग्रँड पॅलेस रोज सकाळी साडेआठ ते दुपारी साडेतीन उघडा असतो. तिकीट ५०० बाथ. क्वचित राजघराण्याच्या कार्यक्रमासाठी बंद ठेवतात, पण ते भिंतीशी उभा राहिलेला माणूस सांगत नाही. कोणी काहीही सांगो, स्वतःच्या पायांनी खिडकीपर्यंत जा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, साडी-पंजाबी ड्रेस चालतो, पुरुषांनी अर्धी चड्डी घालून जाऊ नये. आणि बाहेर "तुमचे कपडे चालणार नाहीत" म्हणून कोणी अडवलं, तर तोही याच टोळीतला समजा.

मग त्याने आमच्याच नकाशावर पेनाने तीन गोल केले. उभा बुद्ध, एक लहान देऊळ आणि शेवटी "सरकारी एक्स्पोर्ट सेंटर, करमाफी, आज शेवटचा दिवस". हात केला तशी रिक्षा, म्हणजे टुकटुक, हजर. तिन्ही ठिकाणं फिरवून परत आणायचे ४० बाथ.

४० बाथ म्हणजे शंभरेक रुपये. दोन-तीन तास फिरवणार, प्रत्येक ठिकाणी थांबणार, आणि घेणार शंभर रुपये? अमळनेरात स्टेशनवरून घरी सोडायला रिक्षावाला किती घेतो हे मला माहीत नाही का? गणित शिकवलेल्या बाईला हा हिशेब दिसला नाही असं नाही, दिसला. मी यांना म्हणालेही, "स्वस्त आहे हो." वरचे पैसे कोण देणार हा पुढचा प्रश्न मी विचारला नाही. पैसे दुकान देतं. ड्रायव्हरला पेट्रोलचं कूपन, भिंतीशी उभ्या असलेल्याला टक्केवारी.

उभा बुद्ध खरा आहे, वात इंथराविहानमधला, ३२ मीटर उंच. म्हणूनच विश्वास बसतो. देऊळ खरं, मूर्ती खरी, घंटा खरी. दुसऱ्या देवळाच्या पायरीवर एक चांगल्या घरचा वाटणारा माणूस बसला होता. आमच्याशी बोलायलाही आला नाही, आम्हीच विचारलं. म्हणाला, मी वकील आहे, बायकोसाठी माणकं घेतली, बाहेर दुप्पट भाव येतो, सरकारी दुकान वर्षातून एकदाच उघडतं. भिंतीशी भेटलेल्याने जे सांगितलं तेच हाही सांगतोय, दोघं एकमेकांना ओळखत नाहीत, म्हणजे खरंच असणार. असंच वाटतं माणसाला. जे मला हसतात त्यांनी एकदा त्या पायरीवर, त्या उन्हात उभं राहून बघावं.

नीट लिहून ठेवा: थायलंड सरकारचं खड्यांचं असं कोणतंही दुकान नाही, करमाफीचा "आजचा शेवटचा दिवस" नाही. पर्यटकांना ७ टक्के व्हॅट परत मिळतो तो वर्षभर मिळतो, ठरलेल्या दुकानांतून घेतलेल्या मालावर, दुकानातून फॉर्म घेऊन, विमानतळावर.

दुकान थंडगार होतं. बसायला मऊ खुर्च्या, आल्या आल्या थंड पाणी. विकणाऱ्या बाईने विचारलं, भारतात कुठून? मी सांगितलं, जळगाव जिल्हा. ती लगेच म्हणाली, जळगाव, गोल्ड सिटी! मला इतकं बरं वाटलं की आपलं गाव इथपर्यंत माहीत आहे. आता कळतं, तिने समोरच्या टॅबवर बघितलं असणार. मुलीचं लग्न मे महिन्यात आहे, हेही मीच सांगितलं. चौदा माणकं, एका मापाची, हार आणि कानातल्यांना पुरतील एवढी. किंमत ८४,००० बाथ. खाली येत येत ५८,००० वर आली. यांनी दोनदा माझा पदर ओढला. "घरी विचारून घेऊ," म्हणाले. मी म्हणाले, घरी कोणाला विचारायचं, आज शेवटचा दिवस आहे.

५८,००० बाथचे बँकेने २.६० च्या दराने १,५०,८०० रुपये लावले. वर परदेशी व्यवहाराचे ३.५ टक्के, ५,२७८. त्यावर जीएसटी ९५०. दुकानाने लुटलं ते लुटलं, त्या लुटीवर बँकेने आपलं शुल्क घेतलं आणि सरकारने आपला कर.

निळ्या मखमलीची डबी, वर पारदर्शक चिकटपट्टी, त्यावर लाल शिक्का. भारतात जाईपर्यंत उघडायची नाही, सील तुटलं तर माल परत घेतला जाणार नाही, असं बजावलं. प्रमाणपत्रावर सोनेरी पक्षी छापलेला. टुकटुक परत आली तेव्हा पावणेचार झाले होते, वाड्याची खिडकी बंद. दुसऱ्या दिवशी पट्टायाची गाडी ठरलेली होती. ज्यासाठी गेलो तो राजवाडा आम्ही बघितलाच नाही.

३ मार्चला डबी घेऊन जळगावला गेले. ज्या सराफाकडे माझ्या सासूबाईंच्या पाटल्या घडल्या त्याच दुकानात. त्या भाऊंनी सील कापलं, एक खडा चिमट्यात धरला, भिंग डोळ्याला लावलं आणि पंधरा सेकंदांत खाली ठेवला. मग मलाच भिंग दिलं. "ताई, आत बघा, रेषा दिसतात?" दिसल्या. वाकलेल्या, एकामागे एक, ग्रामोफोनच्या जुन्या तबकडीवर असतात तशा. खाणीतल्या माणकात वाढीच्या रेषा सरळ असतात, भट्टीत वितळवून केलेल्यात अशा वळतात. माणिक लाल, चमक छान, पण कारखान्यातलं. चौदाचे मिळून सहा-सात हजार, तेही कोणी घेतलं तर. "घेण्याआधी एक फोन करायचा होता ताई." पुढे ते काही बोलले नाहीत, चहा मागवला. तो चहा मला गिळवला नाही. सोन्याच्या गावात जन्म काढला, हॉलमार्क बघितल्याशिवाय मंगळसूत्राचा मणी घेतला नाही, आणि खडे घेतले ते कुठे!

खडे घ्यायचेच असतील तर एकच अट घाला: आधी तपासणी, मग पैसे. बँकॉकमध्ये थायलंडची सरकारी रत्नतपासणी संस्था आहे. खरा विकणारा तुमच्याबरोबर तिथे येतो. न येणाऱ्याकडून उठा.

४ मार्चला बँकेत तक्रार दिली. शाखेतल्या साहेबांनी स्टेटमेंटकडे बघूनच सांगितलं, "पिन टाकून झालेला व्यवहार आहे मॅडम, यात काही होत नाही." मी म्हटलं, लेखी द्या. ते देईनात. तीन फेऱ्यांनंतर चार्जबॅकचा, म्हणजे कार्डावरून गेलेले पैसे परत मागायचा, फॉर्म मिळाला, तोही इंग्रजीत. कॉल सेंटरवर दर वेळी नवीन माणूस, दर वेळी पहिल्यापासून कहाणी. १९ एप्रिलला उत्तर आलं दोन ओळींचं: ग्राहकाने स्वतः मंजूर केलेला व्यवहार, तक्रार बंद. वस्तू खोटी निघाली हे सराफाच्या पत्रासह लिहून दिलं होतं. ते पत्र कोणी उघडून वाचलं तरी का?

पोलिसांत गेले तर सकाळी अकराला बसवलं ते चारपर्यंत. मग हवालदार म्हणाले, "बाई, बँकॉक आमच्या हद्दीत येतं का?" शेजारचा हसला. माझ्याहून तीस वर्षांनी लहान असेल. मग विचारलं, एवढे पैसे कुठून आले? म्हणजे फसवणूक राहिली बाजूला, माझ्या निवृत्तीच्या पैशांची चौकशी! अर्जावर पोच मागितली तर म्हणे शिक्का आतल्या साहेबांकडे आहे. सायबरच्या हेल्पलाइनवर फोन केला, ते म्हणाले, तुम्ही स्वतः दुकानात गेलात, हा ऑनलाइन गुन्हा नाही. तिकडच्या एका खात्याला इंग्रजीत मेल पाठवली, आपोआप आलेलं "मिळाली" एवढंच उत्तर. प्रत्येकाचं बोट दुसऱ्याकडे. कर कापताना मात्र माझी हद्द कोणी विचारली नव्हती.

तिथल्या तिथे संशय आला तर ११५५ लावा, हा थायलंडच्या पर्यटक पोलिसांचा क्रमांक आहे, इंग्रजी चालतं. देशाबाहेर पडलात की पकड सुटते. म्हणून डबी त्याच दिवशी हॉटेलात उघडा, सील गेलं खड्ड्यात. आणि बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. हे मला शाखेत एकानेही सांगितलं नाही, भाच्याने शोधून काढलं.

आणखी काही, कारण लोक विचारतात. टॅक्सीत बसण्याआधी मीटर म्हणा, ३५ बाथपासून सुरू होतो, नाही म्हणाला तर दुसरी बघा, नाहीतर ग्रॅब किंवा बोल्ट या ॲपवरून गाडी मागवा. १ मे २०२५ पासून थायलंडला जाताना ऑनलाइन आगमन कार्ड भरावं लागतं, ते सरकारी संकेतस्थळावर फुकट आहे. त्याचे पैसे मागणाऱ्या साइट निघाल्यात, त्यांना एक रुपया देऊ नका. शाकाहारी असाल तर "जे" म्हणा, हा तिथला शाकाहाराचा शब्द, पिवळ्या पाटीवर त्याचं लाल अक्षर असलेली दुकानं बघा, नाहीतर भाजीतही माशाचा सॉस असतो. पट्टायात जेट-स्की भाड्याने घेतलीच तर आधी चारी बाजूंनी व्हिडिओ काढा, जुने ओरखडे तुमच्या माथी मारायला नकोत. वात त्राइमितमधला सोन्याचा बुद्ध मात्र जरूर बघा, साडेपाच टनांचा. 

मुलीचं लग्न झालं. तिच्या हारात आजीच्या पाटल्या मोडून केलेलं सोनं आहे. डबी कपाटात आहे. सासूबाईंनी एकदा अहिराणीत विचारलं, "काय व्हयनं वं माय, ते लाल खडे कथा गयात?" म्हणजे कुठे गेले. मी सांगितलं, लॉकरला आहेत. त्यांच्याशी मी खोटं बोलले, हाही त्या माणसाच्या नावे लिहा.

लोकपालाकडच्या तक्रारीला शाखेची पोच जोडायची आहे. ती अजून दिलेली नाही. सोमवारी परत जाते, या वेळी यांना बरोबर घेऊन, आणि पोच हातात पडल्याशिवाय उठणार नाही.