फायबरची बेनामी टू-सीटर: हेराल्डची, पद्मिनीची, की खरंच बाहेरची?

सोलापुरात अशी गाडी कुठं निघाली की बारसं लगेच उरकतात, "लोटस आहे ओ, इंग्लंडवरनं आलेली", आणि एकदा नाव चिकटलं की किंमतपण त्याच नावाची सांगतात. सध्या माझ्या मेव्हण्यापुढं हाच प्रश्न आहे. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका बंद यंत्रमागाच्या शेडमध्ये लाल रंगाची दोन सीटची फायबर बॉडी, बिल्ला नाही, प्लेट नाही, घ्यायची का नाही बोला. त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितो.

बॉडी बघून नाव ठरवू नका. फायबर कुणीही कसंही ओततो. इंजिनावरपण जाऊ नका, वीस-तीस वर्षांत ते एकदा तरी बदललेलं असतंच. चाकं जिथं जोडलीत तिथं मात्र घरी गाडी बनवणारा सहसा हात घालत नाही, कारण स्टीअरिंग, आर्म, हब हे सगळं नव्यानं बनवणं त्याच्या आवाक्यातलं नसतं, मूळ गाडीचं उचलून तसंच लावतो. त्यामुळं टॉर्च, ताडपत्री आणि पान्यांचा सेट घेऊन जा आणि खाली झोपा.

आपल्याकडच्या जुन्या घरगुती गाड्यांत मला दोन बेस सगळ्यात शक्य वाटतात, हेराल्ड आणि पद्मिनी (प्रीमियरची, मूळची फियाट), आणि या दोघींतला फरक ओळखता आला तर अर्धं काम झालं. स्टँडर्ड हेराल्ड 1961 पासून मद्रासला बनायची, मूळची इंग्लंडची ट्रायम्फ. तिला वेगळी चेसी होती, म्हणजे वरची बॉडी बोल्ट काढून उतरवली तरी खाली चाकांसकट सांगाडा उभा राहतो, हौशी माणसाला आणखी काय पाहिजे. मागं एक पाट्याचा जुडगा (लीफ स्प्रिंग) आडवा, डाव्या चाकापासून उजव्या चाकापर्यंत, आणि मागचा भाग जॅकवर उचलला की दोन्ही टायर खालून आत वळतात. हे एकदा बघितलं की विसरत नाही, पद्मिनीत असं कधीच होणार नाही. पद्मिनीचा मागचा एक्सल सरळ एकसंध, पाटे दोन, दोन्ही बाजूला लांबीच्या दिशेनं. शिवाय पद्मिनीला वेगळी चेसीच नाही, त्यामुळं तिचे पार्ट वापरणाऱ्याला पाइपचा सांगाडा स्वतः वेल्ड करावा लागतो. खाली चौकोनी पाइप आणि हातची वेल्डिंग दिसली आणि पुढं-मागं फियाटचं सामान असलं तर गाडी इथलीच कुणीतरी बनवलेली समजा. अजून एक खूण म्हणजे गिअर. पद्मिनीचा गिअर बहुतेक सगळ्या वर्षांत स्टीअरिंगपाशी होता, तो खाली आणायला जुगाड करतात, तो जुगाड बोनेटखाली लगेच दिसतो.

चाकाचे नट मोजायला लोक टेप लावतात, पण इथं टेप फसवते. समोरासमोरच्या नटांच्या मध्यापासून मध्यापर्यंत हेराल्डचं अंतर 95.25 मिमी आणि पद्मिनीचं 98, फरक तीन मिमीसुद्धा नाही, व्हर्निअर कॅलिपरच लागणार. मारुती 800 चं 114.3 असतं, ते टेपवरपण कळतं. पाच नट आणि पसारा मोठा, चारी चाकांना लांबीच्या दिशेनं पाटे, सीट उंच, असं असलं तर खाली जीप किंवा जिप्सी आहे, त्यावर जास्त डोकं लावायची गरज नाही. पाच नट बीटललापण असायचे, पण तिचं इंजिन मागं, हवेनं थंड होणारं, आणि तळ पत्र्याचा, मधोमध उभा बोगदा, त्यामुळं घोळ होत नाही.

पान्यांचा पण उपयोग आहे. आठ मिमीच्या बोल्टला 12 चा पाना बसला तर सामान जपानी पद्धतीचं, म्हणजे मारुतीकडचं, 13 चा बसला तर युरोपियन, फियाट वगैरे. दहाच्या बोल्टला तेच 14 आणि 17. कुठलाच मेट्रिक पाना नीट बसत नसेल आणि इंचाचे पाने बसत असतील तर ब्रिटिश सामान, म्हणजे परत हेराल्डकडं बोट. एका बोल्टवरून ठरवू नका, सस्पेन्शनचे बघा, बॉडीचे बोल्ट दुकानातनं मिळतील तसे लावलेले असतात.

आता "इंग्लंडवरनं आली" या दाव्याचं काय. तिथं किट गाड्यांचा धंदा खरंच मोठा होता, कारण तयार गाडीवर परचेस टॅक्स लागायचा आणि सुट्या भागांच्या किटवर लागत नसे, 1973 ला व्हॅट आला आणि ती सूट गेली. लोटस सेव्हन 1957 ची, तीपण किटमध्ये मिळायची. गंमत अशी की हेराल्डच्या चेसीवर तिकडंसुद्धा किट गाड्या निघाल्या, त्यामुळं आडवा पाटा सापडला म्हणून गाडी भारतातलीच असं सिद्ध होत नाही. मग दिवे आणि काचा बघा. त्यांवर छापलेल्या गोलातल्या इंग्रजी E शेजारी 11 म्हणजे मंजुरी ब्रिटनची, 3 म्हणजे इटलीची, 1 जर्मनीची. अर्थात हे दिव्याचं जन्मगाव झालं, गाडीचं नाही, छोटे उत्पादक सर्रास दुसऱ्यांचे दिवे नि हँडल लावायचे, लोटस एस्प्रीला तर मॉरिस मरीनाचे दरवाज्याचे हँडल होते. खरी आयात असली तर कस्टमचा कागद असणारच. तो नसेल तर मी इंग्लंडची गोष्ट चहाबरोबर ऐकून सोडून देईन.

मधला एक पर्याय लोक विसरतात, भारतातलेच छोटे उत्पादक. अलिबागजवळ चिंकारा मोटर्सनं लोटस सेव्हनच्या धर्तीची रोडस्टर काढली, इसुझूच्या 1.8 इंजिनवर. तेच इंजिन कॉन्टेसा आणि अ‍ॅम्बेसेडरलापण होतं, म्हणून इसुझू दिसलं की चिंकारा असं नाही. सॅन स्टॉर्म 1998 ची, फायबर बॉडी, रेनोचं 1149 सीसी इंजिन, पुढची चाकं ओढणारी. अशा गाड्यांची बॉडी साच्यातली असते, डावी-उजवी बाजू मापात सारखी येते, आणि गुळगुळीत बाजू बाहेर. एकट्यानं घरी केलेल्या बॉडीत दोन्ही बाजूंना दिव्यापासून चाकाच्या कमानीपर्यंत दोरी लावा, बोटभर तरी फरक निघतोच, वरून पुट्टीचे थर. साच्यातली निघाली तर आरसीवर उत्पादकाचं नाव शोधा.

आता घ्यायची का, तर ओळख पटवायला कागद शेवटी, पण पैसे द्यायचे असले तर कागद सगळ्यात आधी. आरसीवर सलून (बंद टपाची) हेराल्ड लिहिलंय आणि समोर दोन सीटची फायबर उभी आहे, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा, म्हणजे गाडीत केलेल्या बदलाचा प्रश्न येतोच, आणि तो एमएच 13 च्या आरटीओ ऑफिसात विचारायचा, विकणाऱ्याला नाही. "50 वर्षं झालीत, व्हिंटेजमध्ये टाका की" असं सांगणारे भेटतील. 2021 च्या नियमात व्हिंटेजसाठी चेसी, बॉडी, इंजिन मुळातलं पाहिजे, मोठा बदल केलेली गाडी त्यात बसत नाही, त्यामुळं 20,000 ची ती नोंदणी हिच्यासाठी नाहीच.

माझा कल विचाराल तर कागद सारखेच असतील असं धरून हेराल्डवाली पहिली, चेसी कंपनीची असल्यानं सरळ धावते आणि सामान शोधलं तर सापडतं. छोट्या उत्पादकाची गाडी आरसीवर त्याच नावानं असेल तर तिचा नंबर हेराल्डच्याही वर, पण तशी गाडी बेनामी पडून राहायची शक्यता कमी. पद्मिनीवाली वेल्डिंग बघूनच, पाइपला कुठं केसाएवढी चीर दिसली तरी सोडा. मारुतीचं इंजिन मागं टाकलेली शहरात मजेची, पण मे महिन्यात सोलापुरात कूलिंग नीट केलेलं नसेल तर तापणार, म्हणून सात रस्त्यापर्यंत नीट जाते का ते भर दुपारी चालवून बघा. जीपवाली मी घेणार नाही, तेवढ्यात खरी जीप येते.