पुरात बुडालेली वॅगन आर मला 4,35,000 रुपयांना विकली

आधी आकडे सांगतो, कारण पहिला प्रश्न सगळे तोच विचारतात. 2019 ची वॅगन आर, पेट्रोल, पहिला मालक. सौदा 4,35,000 ला ठरला. त्यातले 15,000 इसार म्हणून यूपीआयने, 1,00,000 चेकने, 2,80,000 बँकेचं कर्ज थेट डीलरच्या खात्यात आणि 40,000 रोख. रोखीची पावती नाही. वर ट्रान्सफर आणि विम्याचे म्हणून 12,500, आणि इंजिन-गिअरबॉक्सच्या सहा महिन्यांच्या वॉरंटीचे 7,000. म्हणजे 4,54,500 रुपये गेले. आज ती गाडी धायरीत आमच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी आहे आणि आईला मी रिक्षाने दवाखान्यात नेतो.

आईसाठीच घेतली होती. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला खाली वाकून बसता येत नाही. वॅगन आरची सीट उंच, दार मोठं, म्हणून हीच गाडी हवी होती. नवीन परवडत नव्हती. डोळे मिटून घेतली असं कुणी म्हणू नये. तीन रविवार फिरलो, अकरा गाड्या पाहिल्या. शेवटच्या खेपेला ओळखीच्या मिस्त्रींना बरोबर नेलं, त्यांना दिवसाचे 1,000 दिले. त्यांनी बॉनेट उघडून इंजिन ऐकलं, चासी नंबर आरसीशी ताडून पाहिला, दारांच्या कडांचा रंग पाहिला, गाडी चालवून पाहिली. इंजिन चांगलं आहे म्हणाले, आणि ते चांगलंच होतं. डीलरने तपासणीचा छापील अहवालही हातात दिला, सगळीकडे बरोबरची खूण. मीटरवर 41,200 किलोमीटर. चार ठिकाणी चौकशी करणारा माणूस याहून जास्त काय करतो?

पण एक क्षण होता. तो मला झोपू देत नाही.

दुसऱ्या खेपेला बायको आणि मुलगी बरोबर होत्या. मुलगी मागे बसली आणि तिने सीटबेल्ट ओढला. मुलं ओढतात तसा, शेवटपर्यंत. म्हणाली, "बाबा, हा पट्टा पुढे मऊ आहे आणि इथे खरखरीत का आहे?" मी हात लावला. आधीचा हातभर पट्टा काळा, स्वच्छ. पुढचा, जो एरवी खांबाच्या आत गुंडाळलेला असतो, तो करडा, कडक, आणि त्यावर एक फिकट आडवी रेघ. बोटाला बारीक पूड लागली. डीलरचा माणूस लगेच म्हणाला, "साहेब, आधीच्या मालकाकडे लहान मुलं होती. काहीतरी सांडलं असेल. डिलिव्हरीआधी स्वच्छ करून देतो." मी बरं म्हणालो.

गाडीत वास होता. सुगंधाच्या दोन बाटल्या लावलेल्या, त्याखालून येणारा. बायको म्हणाली, "अहो, ओलसर वास येतोय." उत्तर तयारच होतं. "वहिनी, कालच सीट धुतल्यात, अजून सुकल्या नाहीत."

तो वास मला माहीत होता. याचाच राग येतो. 25 जुलै 2024 ला खडकवासल्यातून 35 हजार क्युसेकच्या वर पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्याला एकता नगरीत शिरलं, तेव्हा माझा मावसभाऊ तिथे तळमजल्यावर राहत होता. पाणी ओसरल्यावर दोन दिवस मी त्याच्या घरातला गाळ घमेल्याने बाहेर काढला. गादी, कपाट, मुलांची दप्तरं, सगळ्याला तोच वास. खाली पार्किंगमध्ये ओळीने गाड्या उभ्या होत्या, काचांच्या आत चिखलाची रेघ. त्या गाड्यांचं पुढे काय होतं हा प्रश्न मला तेव्हाही पडला नाही, आणि आठ महिन्यांनी तसलीच एक माझ्यासमोर दाराला फुलांचा हार घालून उभी केली तेव्हाही पडला नाही.

काय होतं ते आता सांगतो. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा रकमेच्या 75 टक्क्यांवर जात असेल तर विमा कंपनी ती गाडी 'टोटल लॉस' धरते. मालकाला पैसे मिळतात, तो कागदांवर सह्या करून मोकळा होतो आणि भंगार म्हणून गाडी लिलावात जाते. तिथून ती स्वस्तात उचलायची, इंजिन उघडून धुवायचं, सीटची कव्हरं नवीन घालायची, पॉलिश मारायचं, की झाली 'शोरूम कंडिशन'. इंजिन धुता येतं. वायरिंग धुता येत नाही. प्रत्येक जोडणीत अडकलेला ओलावा महिनोन् महिने तांबं खात बसतो.

खरेदी 30 मार्च 2025 ची, पाडव्याची. "दुसरं गिऱ्हाईक बघून गेलंय, मुहूर्त सोडू नका." पाडवा, दसरा, अक्षय्य तृतीया या तीन दिवशी जुनी गाडी घेऊच नका. त्या दिवशी घाई आपल्याला असते आणि हे त्यांना ठाऊक असतं.

त्या वर्षी मे महिन्यातच पुण्याला पावसाने झोडपलं. हवा दमट झाली आणि वास परत आला. मग डाव्या बाजूच्या काचा चालेनात. मग सेंट्रल लॉक रात्री आपोआप उघडमिट करायला लागलं. 6,400 रुपये. मग गाडी चालूच होईना, 14,200 रुपये. वॉरंटीचं विचारलं तर म्हणे इलेक्ट्रिकल काम त्यात बसत नाही. तसं मागच्या पानावर लिहिलेलंही आहे, मी वाचलं नव्हतं. 7,000 रुपये मी एका पानासाठी दिले.

21 जूनला रात्री कात्रजकडून येताना नवले पुलाच्या उतारावर स्टिअरिंग एकदम जड झालं. पॉवर स्टिअरिंग बंद. तो उतार ज्यांनी पाहिलाय त्यांना मागून येणारे ट्रक वेगळे सांगायला नकोत. आई पुढे बसली होती, मुलगी मागे. दोन्ही हातांनी जोर लावून गाडी कडेला घेतली. घरी आलो तेव्हा खांदे दुखत होते.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गॅरेजात ड्रायव्हरची सीट काढून घेतली. चार बोल्ट. चारही गंजलेले, पाना फिरेना. खालचा गालिचा उचलला आणि पत्र्याच्या खाचांत वाळलेला गाळ निघाला, ढलप्यांनी, तळं आटल्यावर दिसतो तसा. मधल्या कन्सोलखाली एअरबॅगचा मॉड्यूल, म्हणजे ती चालवणारा डबा असतो, त्याच्या पिना हिरव्या पडल्या होत्या, वर पांढरी पूड. मग गॅरेजवाल्याने मला चावी फिरवायला सांगितली. "दादा, एअरबॅगचा दिवा पेटतो का बघा." पेटला नाही. चावी फिरवल्यावर तो दिवा काही सेकंद पेटून विझायला हवा, तेव्हा यंत्रणा ठीक आहे असं समजायचं. इथे दिवाच मारून टाकला होता, म्हणजे बिघाड दिसायलाच नको. एअरबॅग बंद होती आणि हे त्यांना माहीत होतं. माहीत असूनही आईला पुढच्या सीटवर बसवून त्यांच्याच माणसाने पेढा दिला होता. 40,000 रोख घेतले त्याचा राग एक वेळ गिळेन, याचा नाही.

वायरिंग, मॉड्यूल, स्टिअरिंगची मोटर, सगळं बदलायचा अंदाज 1,38,500 आला.

गाडी नावावर झाल्यावर अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून मी तिचा इतिहास काढला. जून 2024 ची नोंद, 68,340 किलोमीटर. 29 जुलै 2024 ची नोंद, टोइंग करून आणली, पाणी डॅशबोर्डपर्यंत, दुरुस्ती न करता परत. म्हणजे मीटरही दुसऱ्या गाडीचा. हा एक कागद आधी मागितला असता तर हे सगळं टळलं असतं. इसार देण्याआधी मागा. डीलर उद्या देतो म्हणाला तर उद्याच इसार द्या.

विम्याचंही सांगून ठेवतो. ॲपवर गाडीचा विमा सप्टेंबर 2024 ला संपलेला दिसत होता, पुढे सहा महिने काहीच नाही. मी विचारलं होतं. "मालक परदेशात गेला, गाडी उभी होती." पटलं मला. अशी सहा-आठ महिन्यांची पोकळी दिसली आणि तिच्या थोडं आधी त्या भागात पूर आलेला असेल, तर गालिचा उचलल्याशिवाय पुढे बोलू नका. उचलू देत नसतील तर पाणी न पिता निघा.

जुन्या मालकाला मी शोधून फोन केला. भला माणूस. म्हणाला, विम्याचे पैसे मिळाले तेव्हा गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर कोऱ्या सह्या घेतल्या होत्या, गाडी भंगारात गेली असंच मी समजत होतो. हे तो कोर्टात सांगायला तयार आहे. कोरा फॉर्म कुणालाही सही करून देऊ नका, गाडी विकतानासुद्धा.

डीलरकडे गेलो. पहिल्या दिवशी चहा, दुसऱ्या दिवशी "मालक बाहेरगावी", तिसऱ्या दिवशी पावतीच्या तळाची ओळ दाखवली, 'वाहन पाहून, तपासून घेतले आहे, नंतर तक्रार चालणार नाही'. पावती 3,95,000 ची. रोख 40,000 म्हणे कुणी घेतलेच नाहीत.

मग चौकी. जुलैमध्ये पहिल्यांदा गेलो, पावत्या, फोटो, सर्व्हिसचा कागद, सगळं फाईलमध्ये लावून. दीड तास बसवलं. अंमलदारांनी फाईल उघडलीच नाही. "गाडी तुम्ही बघून घेतली ना? मग हे दिवाणी आहे, कोर्टात जा." मी म्हणालो, साहेब, मीटर बदललाय, एअरबॅगचा दिवा काढलाय, ही फसवणूक आहे. "तुम्ही आम्हाला कायदा शिकवणार का?" दुसऱ्यांदा गेलो तर डीलरचं आवार दुसऱ्या हद्दीत येतं म्हणाले. त्या हद्दीत गेलो तर पैसे तुमच्या खात्यातून गेले, तुमच्या हद्दीत द्या. तिसऱ्यांदा अर्ज घेतला, शिक्का मारला, आणि त्या अर्जाचं काय झालं ते आजतागायत कुणी सांगितलेलं नाही. प्रत्येक खेपेला अर्ध्या दिवसाची रजा. एकदा तर डीलरच्याच माणसाला आत खुर्ची दिलेली पाहिली, आणि मी बाहेर बाकावर. तळपायाची आग मस्तकात गेली, पण करणार काय.

नंतर वकिलांनी सांगितलं ते इथे लिहितो, तुमचे तरी हेलपाटे वाचतील. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्दीचं कारण देऊन दखलपात्र गुन्ह्याची तक्रार नाकारता येत नाही. फसवणूक म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम 318. चौकीत घेतलं नाही तर लेखी तक्रार पोस्टाने वरिष्ठांकडे पाठवायची, तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. पोचपावती जपा. तोंडी बोललेलं तिथे कुणाच्या लक्षात राहत नाही.

परिवहनच्या कार्यालयातही टोलवाटोलवीच. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला नोंदणी प्राधिकाऱ्याचं अधिकृतता प्रमाणपत्र लागतं. या डीलरकडे ते आहे का, एवढंच विचारलं. या खिडकीवरून त्या खिडकीवर, मग "लेखी द्या", लेखी दिल्यावर "हे आमच्या टेबलचं नाही". शेवटी माहिती अधिकारात अर्ज टाकला. तुम्ही हे प्रमाणपत्र आवारात पाऊल टाकताच मागा. भिंतीवर देवाचा फोटो आणि बक्षिसाच्या ढाली असतात, प्रमाणपत्र शोधा.

ऑगस्टमध्ये जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे, हे फार जणांना ठाऊक नसतं. पावतीवरच्या त्या ओळीने लपवाछपवी माफ होत नाही असं वकील म्हणतात. रोख दिलेले 40,000 मात्र विसरा म्हणाले. डीलरला नोटीस गेली, एकदा तो आला नाही, एकदा त्याच्या वकिलांनी मुदत मागितली. पुढची तारीख पडली आहे.

मधे एक एजंट घरी येऊन गाडी पाहून गेला. 3,10,000 देतो म्हणाला, आहे त्या स्थितीत, रोख. "फक्त पाण्याचं कुणाला बोलू नका, पुढचं मी बघतो." नातेवाईकही म्हणतात, देऊन टाक, सुटशील. आईने ऐकलं आणि म्हणाली, मागच्या सीटवर कुणाचं तरी पोर बसेल रे. मी नाही म्हणालो. कर्जाचा 6,228 रुपयांचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला जातोच आहे, अजून चार वर्षांहून जास्त जाईल.