बीटलला सतरा इंची अलॉय: आजवा रोडवरच्या दुकानाचा अनुभव

माझी फोक्सवॅगन बीटल १९६६ची, तेराशे मॉडेल, पुढून-मागून खाली घेतलेली. १९६७पर्यंतच्या बीटलची पीसीडी (बोल्टची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा मिमीतला व्यास) ५×२०५, त्या मापाची रिम बडोद्यात कुणाकडे पडलेली नसते. त्यामुळे सतरा इंची म्हटलं की दुकानदार लगेच ॲडॅप्टर काढतात, म्हणजे वेगळ्या मापाची रिम बसवायला मध्ये घालायची चकती. आजवा रोडच्या या मालकांनी मात्र साफ सांगितलं, "ॲडॅप्टर नाखशो तो टायर मडगार्डने अडशे." म्हणजे ॲडॅप्टर घातला तर टायर मडगार्डला अडणार. मग रिम मी थेट ५×२०५ची बाहेरून मागवली. फिटिंग त्यांचं.

दुकानाला गुण द्यायचे ते माप घेण्याच्या पद्धतीला. या गाडीला मागे स्विंग ॲक्सल आहे. जॅकवर उचलली की मागची चाकं लोंबतात आणि खालून आत वळतात. टेकवली की उलट, वरची बाजू आत. खाली घेतलेल्या गाडीत तर फारच. म्हणजे जॅकवर घेतलेलं माप फुकट. त्यांनी चाक लावलं, गाडी जमिनीवर आणली, मागच्या सीटवर दुकानातली दोन धडधाकट पोरं बसवली आणि मगच मडगार्डच्या कडेला बोट घालून पाहिलं. पुढे तेच, स्टेअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवून.

टायर पुढे १९५/४०, मागे २०५/५० (रुंदी मिमीत, आणि कडेची उंची, म्हणजे प्रोफाइल, रुंदीच्या टक्क्यांत). मागच्याचा पूर्ण व्यास साधारण ६३७ मिमी, म्हणजे मूळच्या ५.६०-१५ टायरच्या जवळपास. त्यामुळे गिअरिंग बिघडलं नाही. पुढचा ५८८. बीटलचा स्पीडोमीटर पुढच्या डाव्या चाकावरून चालतो, तेव्हा काटा साठवर असला की खरा वेग पंचावन्नच्या आसपास. मला चालतं. पोलिसांनाही चालेल.

खटकलं ते बॅलन्सिंग. शिशाची वजनं रिमच्या बाहेरच्या कडेला क्लिपने ठोकली होती, पॉलिश केलेल्या रिमवर! बोलल्यावर काढून आतून चिकटवायची लावली, पण हे सांगावं का लागावं? आणि मागच्या टायरची आतली कड लवकर झिजणार. त्यासाठी टॉर्शन बार (स्प्रिंगचं काम करणारा दांडा) दात्यांवर फिरवून मागची उंची थोडी वाढवावी लागेल. ते काम आपलं नाही, हे मात्र त्यांनी आधीच सांगितलं होतं.

चालवायला? हायवेवर झकास. दांडिया बाजारात आमच्या गल्लीच्या तोंडाशी जो ब्रेकर आहे, तिथे तिरकी घालावी लागते, आणि पावसाळ्यानंतरच्या खड्ड्यांत चाळीसचं प्रोफाइल दात वाजवतं. रोज ऑफिसला नेणाऱ्याने पंधरा इंचीवरच राहावं.

जुन्या स्टीलच्या रिम विकू नका. २०२१च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणीला गाडी पन्नास वर्षांवरची आणि मूळ रूपातली लागते. २०२३च्या जानेवारीत लक्ष्मी विलास पॅलेसवर मांडल्या होत्या तशा गाड्यांच्या रांगेत उभं राहायचं मनात असेल, तर अलॉय घरी ठेवूनच जा.

शनिवार-रविवारी गर्दी असते, आडवारी सकाळी जावं. शंभरेक किलोमीटर चालवून परत या, बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा कसून देतात. त्याचे पैसे घेत नाहीत.